मावशींची स्कूटर

रायपुरात कोणी लोकांना मनापासून देवाचं नाव घ्यायला लावलं असेल, तर ते आमच्या समोरच्या मावशींच्या स्कूटरनं. बूढापाऱ्याच्या गल्लीत तिचा लांबलचक हॉर्न वाजला की माणसं ओट्यांवर चढत, गाई नाल्या ओलांडत आणि आमचे पक्के नास्तिक काका चक्क मारुतीच्या देवळात शिरत. नागपूरकडच्या ख्रिस्ती घरातल्या, रेल्वेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या या नर्सबाई किक मारण्याआधी डोळे मिटून येशूची प्रार्थना करीत. ते डोळे पुन्हा नक्की कधी उघडत, याबद्दल गल्लीत दोन मतं होती.

मावशी जात कुठे, तर बाजारामागच्या त्या वस्तीत, जिथे पोटासाठी देह विकणाऱ्या बाया दारात उभ्या असतात आणि आम्ही सभ्य लोक मान खाली घालून सटकतो. पायाशी पोह्यांचा डबा, खांद्याला औषधांची पिशवी. बाया ओरडत, "मावशी, पहले डब्बा खोलो, फिर येशू!"

"तोही उपाशीच आला बाई, त्याच्यापुरते ठेवजा," म्हणत मावशी पोहे वाढू लागत.

एका पोट्टीला नोकरीची थाप मारून परमुलखात विकलं होतं. तिथून सुटून ती मावशींच्या घरी आली आणि खिडकीला चिकटली ती चिकटलीच. फाटकाबाहेर पाऊल टाकेना. मावशींनी तिला अंगणातच, पेरूच्या झाडाभोवती स्कूटर शिकवली. झाडाला घेरी यावी इतके फेरे झाले, पण फाटक समोर आलं की ब्रेक.

एका दुपारी मावशी डबा मांडीवर घेऊन तिच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. "गुडघा गेला माझा. पोहे थंडे होऊन राहिले. चाल, चालव."

"गेट के बाहर नहीं, मावशी."

"बरं. मंग सरक, मीच चालवतो!"

"नको!" दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून अख्खी गल्ली एका सुरात किंचाळली.

पोट्टीनं दचकून आमच्याकडे पाहिलं आणि खुदकन हसली. तिचं हसणं आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. त्या हसण्यातच स्कूटर फाटकाबाहेर पडली. मागून मावशी ओरडत होत्या, "हॉर्न दे, हॉर्न!" समोर चिटपाखरू नव्हतं.

आता मावशींचा गुडघा खरोखरच गेलाय. डबा घेऊन पोट्टी एकटीच जाते, सरळ, सावकाश. कोणी ओट्यावर चढत नाही. गल्लीतला देवधर्म पार बुडाला. संध्याकाळी त्या खिडकीत मावशी बसलेल्या असतात, कान रस्त्याकडे लावून. मग मोकळ्या कोपऱ्यावर उगाचच एक लांबलचक हॉर्न वाजतो, आणि गुडघ्यावर हात टेकत त्या चहा ठेवायला उठतात.