काकू जे बोललीच नव्हती

पेपरात छापून येतं ते खरं, असं आमच्या गल्लीत अजून मानतात. मी हिमायतनगरातला वार्ताहर, म्हणून सांगतो: डोंबलाचं खरं!

सीमेवर चकमक सुरू झाली, त्या सकाळी नांदेडच्या कचेरीतून फोन आला. "तालुक्यातला जवान तिकडं असेल तर त्याच्या आईची प्रतिक्रिया पाठवा. लगेच."

समोरच्याच घरातल्या काकूचा थोरला तिकडं होता. दोन महिन्यांनी पेन्शन घेऊन घरी यायचा होता. काकू डाळ पाखडत होती. सूप खाली न ठेवताच म्हणाली, "दोघांनीबी थांबवा म्हणावं बाबा. माझं लेकरू घरी येऊ द्या. तिकडल्या बायांचीबी लेकरंच हायती की." मी शब्दन् शब्द पाठवला.

पुन्हा फोन. "अहो, हे रडगाणं आज कोण वाचणार? जोशातलं द्या काहीतरी."

मी दिलं. कुणी माझा हात धरून लिहवून घेतलं नाही. 'गरज पडली तर धाकटाही देईन!' पहिल्या पानावर, काकूच्या फोटोसकट. फोटोतलं सूप तेवढं कापलं होतं. गावभर वाहवा झाली, शाळेत तिचा सत्कार झाला. काकूला वाचता येत नाही; सगळे नुसतं 'धन्य माउली' म्हणत, वाक्य कुणी वाचून दाखवलं नाही. तिनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "छान आलंय." नालायकपणा, दुसरं काय!

चार दिवसांनी लढाई थांबली. मी तिचं खरं वाक्य पुन्हा पाठवलं. दुसऱ्या दिवशी मथळा होता, 'शत्रूने नाक घासले'. तिकडच्या पेपरांनीही आपल्याबद्दल हेच छापलं असणार. 'थांबवा' म्हणणाऱ्या बाईला त्यात कुठली जागा?

पुढच्या आठवड्यात काकू चालू फोन घेऊनच माझ्या दारात आली. स्पीकरवर तिचा लेक बोलत होता. "आई, धाकट्यालाबी देईन म्हणलीस! फोटो सगळ्या पलटणीनं बघितला. मला लई अभिमान वाटला. मग मी घरी कसा येऊ? नोकरी दोन वर्षं वाढवून घेतली. सही केली आजच."

काकू माझ्याकडं बघत राहिली. "मी काय म्हणलं होतं रे? सांग की त्याला."

मी फोनकडं हात नेला आणि मागं घेतला.

"आई? तूच म्हणलीस ना?"

तिनं फोन तोंडाजवळ नेला. "हाव बाबा," ती म्हणाली. "मीच म्हणलं."