चावीतला सेल

गाडीच्या चावीतला सेल संपला तेव्हा मला चक्क आनंद झाला. बटण दाबलं, गाडी ढिम्म. पुन्हा दाबलं, तरी ढिम्म. तशी चावी दारात घालून फिरवली की दार उघडत होतं, गाडी सुरूही होत होती. म्हणजे अडलं काहीच नव्हतं. पण दुसरी चावी बायकोकडे होती आणि बायको दोन वर्षांपासून लाखांदूरला, माहेरी. मला फोन करायला एक कारण मिळालं.

आमच्यात भांडण असं कधी झालंच नाही. मी शाळेतून यायचो, जेवायचो, मोबाईल घेऊन बसायचो. ती काही बोलली की ‘बघू’ म्हणायचो. नळ गळतो, बघू. दवाखान्यात जाऊन येऊ, बघू. सात वर्षं मी हेच केलं. एक दिवस तिनं बॅग भरली, तेव्हाही मला वाटलं, चार दिवसांत येईल. स्वतःला एवढा शहाणा समजणारा मास्तर पवनीत दुसरा नसेल.

बाजारातल्या घड्याळवाल्याकडे सेल मिळतो हे मला माहीत होतं. सहज म्हणून त्याला चावी दाखवली.

“दोन मिनटाचं काम आहे गुरुजी, घरीच होते. सेल देऊ काय?”

“बघू,” म्हणालो आणि चावी खिशात टाकली.

“आता यात काय बघता? काहून टाळून राहिले?”

पुढचे पंधरा दिवस फोन करायचा धीर गोळा करण्यात गेले. शेवटी एका रविवारी लावला. तिनं उचलला.

“चावी बंद पडली,” मी म्हणालो.

“सेल बदलवून पाहा ना.”

“बदलवला. तरी चालत नाही.” धडधडीत खोटं. “तुझ्याजवळची लागेल. तूच ये ना घेऊन. घरही पाहून होईल.”

“घर कायले पाहू?” तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “उद्या सकाळच्या येष्टीनं पाठवून देईन. ड्रायव्हर ओळखीचा आहे. स्टँडवर जाऊन घेऊन घ्या.”

मी तब्येतीचं विचारणार, तोवर फोन कट.

तरी माझी आशा सुटेना. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. न जाणो, तीच आली तर! गाडी घेऊन स्टँडवर गेलो. बस लागली. मी एकेक खिडकी पाहत दाराशी उभा राहिलो. भाजीच्या टोपल्या उतरल्या, कॉलेजच्या पोरी उतरल्या, शेवटी एक म्हातारी काठी टेकत उतरली. मग कोणीच उतरलं नाही.

“गुरुजी तुमीच ना? हे घ्या, बाईनं देलं,” ड्रायव्हरनं खिडकीतून पाकीट पुढे केलं.

पाकिटात कागद लागला. चिठ्ठी! बाकावर बसून घाईघाईनं ती तेवढी बाहेर ओढली.

‘या चावीत नवीन सेल टाकला आहे. तुमच्या चावीत तुम्ही टाकला नसेलच, म्हणून एक जास्तीचा पाठवत आहे. मागच्या खाचेत नाणं घालून फिरवा, झाकण निघते. जुना ज्या बाजूनं आहे तसाच नवा ठेवा.’

दोनदा वाचली. उलटून पाहिली. मागे कोरी.

मग पाकिटातून तिच्याकडची चावी आणि सेल काढला. माझ्या चावीच्या खाचेत नाणं घालून फिरवलं, टक्कन झाकण निघालं. जुना सेल नखानं उचकटला, नवा बसवला. खरंच दोन मिनिटं लागली. कोपऱ्यात उभ्या गाडीकडे पाहून बटण दाबलं, दिवे लुकलुकले. तिची चावी दाबली, तरी लुकलुकले. एवढ्या लोकांत मला रडू फुटायला लागलं. दोन्ही चाव्या चालत होत्या. आता तिला फोन करायला माझ्याजवळ काहीच उरलं नव्हतं.

रिकामं पाकीट चुरगाळायला गेलो तर बोटाला काहीतरी टोचलं. उलटं केलं, तेव्हा आमच्या घराच्या कुलपाची चावी तळहातावर पडली. ती मी मागितली नव्हती.