मैनेच्या वाट्याची डाळ

१८ फेब्रुवारी, सकाळी ६ वाजून ४० मिनिटे. मैनेचा पुढचा डावा खूर गरम, ३३.४ अंश, उजवा ३३.१. घोट्याशी नाडी जोरात उडत होती आणि मैना पाय उचलू देत नव्हती.

मैना ही दुर्गजवळच्या उतईच्या रामटेके काकांची वरातीची घोडी. मी रसमड्याच्या एका पशुखाद्य कारखान्यात न्यूट्रिशनिस्ट आहे. घोड्यांचे खाद्य ही माझी पहिली स्वतंत्र जबाबदारी, आणि मैना त्याची पहिली परीक्षा.

तिला जानेवारीत लॅमिनायटिस झाला होता. यात खुराच्या आत हाडाला धरून ठेवणाऱ्या ऊतींना सूज येते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की वारंवार असे झाले तर हाड खाली सरकेल आणि घोडी पुन्हा उभी राहणार नाही. पोटात स्टार्च जास्त गेला की हे होऊ शकते. म्हणून मी जव आणि चणा बंद करून सुके गवत आणि सोयाबीनच्या टरफलांचे आमच्या कारखान्यातले पेलेट दिले होते. त्यांत स्टार्च नगण्य असतो.

"पोरी, तुह्या खाद्यातच काही आहे," काका म्हणाले. "जव खात होती तं नाचत होती माही मैना."

"काका, पहिला झटका जव खातानाच आला होता."

"मंग आता कावून आला?"

मी कारखान्याच्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, पहले अपना माल देखिए, फिर उनकी घोड़ी."

म्हणून पहिला संशय स्वतःवर घेतला. बॅचचा राखून ठेवलेला नमुना तपासला. निर्दोष निघाला. दुसरा संशय काकांवर होता, कारण प्रेमापोटी माणसे चोरून खाऊ घालतात. परंतु जवाच्या आणि चण्याच्या पिंपांवर कोळिष्टके होती. उरला सहदेव, घोडीची देखभाल करणारा बारा वर्षांपासूनचा साईस. तो माझ्याशी बोलताना जमिनीकडे पाहत असे. मी त्याचे नाव वहीत लिहून खाली रेघ मारली.

मग मैनेची लीद चाळणीत धुतली. चाळणीत पिवळे तुकडे राहिले. चण्याची डाळ.

"सहदेव, ही कुठून आली?"

"मैं अपन मन ले नइ देवँव, मैडम. बरात वाले मन देथें."

तो आत गेला आणि लाल फडक्याची पोटली घेऊन आला. वरात निघण्याआधी नवरदेवाच्या घरच्या बायका घोडीला भिजवलेली डाळ खाऊ घालतात. उरलेली फडक्यात बांधून साईसकडे देतात. ती सकाळपर्यंत घोडीच्याच पोटात जायला हवी, फेकली तर जोडप्याला अशुभ. आठवड्यात मैनेच्या चार वराती झाल्या होत्या. शेवटच्या वरातीची, मैनेने न संपवलेली डाळच पोटलीत १ किलो ८७० ग्रॅम भरली.

"काका, मी विचारले होते ना, ही आणखी काय खाते?"

"अवं, ते का खाद्य आहे? तो तं शकुन आहे!"

काका खोटे बोलत नव्हते. सहदेवही नाही. वहीतल्या नावाखालची रेघ मी खोडली. त्याच्यासमोर.

डॉक्टरांचे उपचार, मऊ वाळू, थंड पाणी. मैना नऊ आठवडे कामावर गेली नाही. शकुनाचा प्रश्न काकांनीच सोडवला: मैनेला चिमूटभर, उरलेले अंगणातल्या गाईला. "गाईले देलं तं कोण अशुभ म्हणते?"

२२ एप्रिलला दुर्गमधल्या पहिल्या वरातीला मी वजनकाटा घेऊन गेले. नवरदेवाची मावशी हसली. "क्यों मॅडम, घोड़ी भी डाइटिंग पर है?"

"जी. आपका शगुन पैंतीस ग्राम."

मापून तेवढीच दिली. बाकीची सहदेवने पोटलीत बांधली आणि गाठ मला दाखवली.

आता माझ्या फॉर्मवर 'काय खाऊ घालता?' या प्रश्नाखाली आणखी एक प्रश्न आहे: 'आणखी कोण खाऊ घालते?' पहिल्याचे उत्तर सगळे देतात. दुसऱ्याचे मी स्वतः जाऊन पाहते.

२३ एप्रिल, सकाळी ६ वाजून ४० मिनिटे. मैनेने पाय स्वतःहून उचलला. पुढचा डावा खूर: २८.६.