ज्या बाकापाशी तो थांबला नाही

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो, काही मुद्दाम विसरलो. हे एक मात्र विसरायला मी तयार नाही, कारण ते विसरावं अशी फार जणांची इच्छा होती.

तेव्हा मी अकोला आणि अमरावतीच्या मधल्या एका ग्रामीण ठाण्याचा ठाणेदार होतो. कपाशीनं दगा दिला म्हणून लोक सोयाबीनकडे वळले होते आणि सोयाबीननंही कोणाला फार सुखात ठेवलं नव्हतं. बाहेरची माणसं त्या वर्षांत वऱ्हाडात यायची ती मेलेल्यांची चौकशी करायला. जिवंत माणसं एकमेकांशी कशी वागतात हे विचारायला कोणी येत नसे. ते आमच्याकडे यायचं, फिर्याद होऊन.

ऐन हंगामात एका सकाळी पोलीस पाटलाचा फोन आला की गावात सुडी जळाली. सुडी म्हणजे कापून शेतातच रचून ठेवलेलं पीक. मळणीयंत्र येईपर्यंत ते तसंच उघड्यावर राहतं. आमच्याकडे वैर काढणारा माणसाला हात लावत नाही, त्याच्या सुडीला काडी लावतो. साक्षीदार नसतो आणि पुरावा राख होऊन जातो, त्यामुळे अशा गुन्ह्यांचा तपास म्हणजे डोकेदुखीच.

सुडी एका विधवा बाईंची होती. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि नवऱ्याचं शेत स्वतः करत होत्या. गाव त्यांना सिस्टरबाई म्हणे. गावात मूठभर ख्रिस्ती घरं आणि एक लहानसं चर्च होतं. सिस्टरबाईंचे धाकटे दीर त्या चर्चमधले मानाचे माणूस, शेतीनं मोठे आणि बोलायला गोड.

गावानं आरोपी आधीच ठरवून टाकला होता. शेजारच्या शेताचा मालक, एक मुसलमान मळणीयंत्रवाला. धुऱ्यावरून, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरून, त्याचं आणि बाईंचं जुनं भांडण होतं आणि भर बाजारात तो ‘पाहून घेईन’ असं बोलून बसला होता. मी जीपमधून पाय खाली टाकायच्या आत चौघांनी त्याचं नाव सांगितलं. मी बाईंना विचारलं, संशय कोणावर?

“म्या पाह्यलं नाई, तं नाव कसं घेऊ?”

“मळणीवाल्याशी तुमचं भांडण होतं म्हणतात.”

“होतं नाई, हाय. उद्याबी राहीन. धुरा माहा हाय. पण भांडण हाय म्हणून त्याले जेलात घालू काय?”

शेजारी उभे असलेले दीर पुढे सरसावले. “वहिनी घाबरल्या साहेब. मी सांगतो, तुमी लिहून घ्या.”

“भाऊजी,” बाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, “सुडी माही जळली. फिर्याद मीच देईन.”

तेव्हाच मला ही बाई आवडली. भांडण आणि आरोप यातला फरक कळणारे फिर्यादी फार कमी भेटतात.

पंचनामा करताना एक गोष्ट खटकली. बाईंनी सुडीवर ताडपत्री झाकली होती. प्लास्टिकची ताडपत्री जळली तर तिचे काळे, वितळलेले गोळे मागे राहतात. आम्ही राख काठीनं उकरून पाहिली, एक गोळा सापडला नाही. म्हणजे काडी लावणाऱ्यानं आधी ताडपत्री काढून घेतली होती. हे पट्टीच्या शेतकऱ्याचंच काम. दुसऱ्याचं पीक जाळताना मागेपुढे पाहिलं नाही, पण चांगली ताडपत्री जाळवेना! मी जमादाराला सांगितलं, ही गोष्ट ठाण्याबाहेर जायला नको.

मळणीवाल्याच्या घराची झडती घेतली. ताडपत्री मिळाली नाही. त्याला सोडलं, तसा तालुक्याच्या एका पुढाऱ्याचा फोन आला. आरोपी डोळ्यांसमोर असताना ठाणेदार कसली वाट पाहतात, असा प्रश्न. मी म्हटलं, “माझ्या ठाण्यात आरोपी पुराव्यानं ठरतो, फोननं नाही.” त्याला तो उद्धटपणा वाटला. होताच तो.

पण गावाला पुरावा लागत नाही. मळणीचा हंगाम भरात आणि त्याचं यंत्र दारात उभं. कोणी बोलावीना. तो ठाण्यात येऊन माझ्यासमोर उभा राहिला. “साहेब, एक तं मले आत टाका, नाई तं गावाले सांगा सुडी म्या जाळली नाई. हे मधातलं जिणं नाई होऊन राहिलं माह्याच्यानं.”

बाईंच्या माणसांत आतून काय चाललंय हे चाचपायला चर्चच्या पाळकांना मी बोलावून घेतलं. बारीक अंगकाठीचे, सौम्य गृहस्थ. लोक प्रार्थनेत जे सांगतात ते सांगणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मी आवाज चढवला तरी ते हलले नाहीत. जाताना मात्र दारात थांबून म्हणाले, “येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. चर्चमध्ये कोणालाही येता येतं. आमच्या गावची एक रीत आहे. भाकर घेण्याआधी माणसं उठून एकमेकांच्या बाकापाशी जातात, दोन्ही हात हातात घेऊन सलाम करतात. ज्याचं मन साफ नाही त्यानं भाकर घेऊ नये. देवाशी समेट करायला यायचं तर आधी माणसाशी करून यायचं.”

मी साध्या कपड्यांत मागच्या बाकावर जाऊन बसलो. दीर पुढेच होते. प्रार्थनेत त्यांचे डोळे भरून आले. देवानं आपल्याला क्षमा केली, मनाला शांती दिली, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. लोक हेलावले. मग सलाम सुरू झाले. दीर प्रत्येक बाकापाशी गेले, पोराबाळांचेही हात हातात घेतले. वहिनीच्या बाकापाशी मात्र थांबले नाहीत. नजर खाली घालून पुढे निघून गेले आणि भाकर घेतली.

सिस्टरबाई जागेवरून उठल्या नाहीत आणि त्यांनी भाकरही घेतली नाही. बाहेर आल्यावर मी त्यांना कारण विचारलं. मळणीवाल्यावरचा राग असेल, असं मी आपलं सुचवलं.

“त्याच्या घरी मी काल जाऊन आली. धुऱ्याचं कोर्टात पाहू म्हटलं, पण सुडीचा तुह्यावर वहीम नाई. चाय बी पेली.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “बाकी तुमी मागं बसून पाहूनच राहिले होते ना साहेब? मले काहून विचारता?”

दिराला ठाण्यात बोलावलं. पहिला तासभर ते मलाच शांतीचा उपदेश करत होते. मी ऐकून घेतलं. तपासात घाई करणारा अर्धी बाजी हरतो. शेवटी मी इतकंच विचारलं, “देवानं क्षमा केली म्हणालात. कशाबद्दल?”

“मनुष्य पापीच असतो साहेब.”

“ते झालं सगळ्यांचं. तुमचं कोणतं? आणि वहिनींचे हात का घेतले नाहीत?”

त्यांचा चेहरा उतरला. मी पुढे म्हटलं, “ताडपत्री कुठे आहे?”

ताडपत्रीचं आम्हाला कळलं असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. खुर्चीवर बसल्या बसल्या ते ढसढसा रडायला लागले. वहिनीनं थकून शेत आपल्या हवाली करावं म्हणून काडी लावली होती. आळ मळणीवाल्यावर जाईल ही खात्री होतीच. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नाही, म्हणून पंच बोलावून ‘ताडपत्री काढून देतो’ असं निवेदन घेतलं. त्यांच्याच गोठ्यात कुटाराखालून, म्हणजे भुशाच्या ढिगातून, त्यांनी ताडपत्री काढून दिली. तिच्या फाटक्या जागी टाके होते, प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ. जखम शिवणाऱ्या हाताचे टाके. बाईंनी लांबूनच ओळखले.

खरा तमाशा पुढे झाला. कालपर्यंत ‘आरोपीला अटक करा’ म्हणणारे आता ‘घरातलं आहे, मिटवून टाका’ म्हणत आले. तोच पुढारी, चर्चमधले दोन-चार मातब्बर. मी सांगितलं, पीक जाळण्याचं कलम ४३५, ते आपसात मिटत नाही. मग ते बाईंकडे वळले. “सिस्टर, क्षमा करणं हा तर आपला धर्मच.”

“करीन ना,” बाई म्हणाल्या. “पण ज्या माणसाचं नाव खराब केलं त्याच्या दारात भाऊजीनं आधी उभं राहावं. बाजाराच्या दिवशी. देवाघरी परस्पर हिशेब मिटवला, तिकडं त्या माणसाचं यंत्र बंद पडलं. असा समेट देवाले चालत असंन तं असो, मले नाई चालत.”

मंडळी उठून चालू लागली.

जामिनावर सुटल्यावर दीर खरोखरच बाजाराच्या दिवशी मळणीवाल्याच्या दारात गेले. बंदोबस्ताच्या निमित्तानं मी तिथे होतो. मान खाली घालून ते पुटपुटले, सुडी मी जाळली, याचा काही दोष नाही. मळणीवाला हाताची घडी घालून उभा होता.

“माफीचं मंग पाहू,” तो म्हणाला. “पहले जरा जोरात बोला भाऊ. आळ घेतला तवा लय मोठा आवाज होता. त्या मांगच्या लोकायले आयकू नाई गेलं.”

दिरांनी मान वर केली आणि ओरडून सांगितलं. पुढच्या प्रभुभोजनाला ते वहिनीच्या बाकापाशी थांबले. बाईंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, आणि दोघांनीही भाकर घेतली, असं पाळक मला नंतर म्हणाले. गावाला वाटलं, मिटलं प्रकरण. आता बाई फितूर होणार. खरं सांगायचं तर मलाही ती धास्ती होती.

खटला उभा राहिला. बाईंनी ताडपत्री ओळखली, टाके आपले म्हणून सांगितले, एक शब्द मागेपुढे केला नाही. बचावाचे वकील उलटतपासणीला उठले.

“तुम्ही आरोपीला माफ केलं आहे, हे खरं?”

“खरं हाय.”

“मनापासून?”

“मनापासून.”

“मग आज त्यांच्याविरुद्ध साक्ष कशी देता?”

बाई पिंजऱ्यात उभ्या असलेल्या दिराकडे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “माफ केलं म्हणूनच त्याच्या तोंडाकडं पाहून खरं बोलू शकून राहिली. माफ नसतं केलं, तं रागानं चार गोष्टी जादाच्या लावल्या असत्या.”

वकिलांनी आणखी प्रश्न काढला, तेव्हा आरोपीनंच हात वर करून त्यांना बसायला सांगितलं.

मी ख्रिस्ती नाही, देवाधर्माच्या भानगडीत फारसा पडतही नाही. पण नोकरीभर मी ‘समेट’ नावाचा एक प्रकार पाहिला, ज्यात जोरावर असलेला खुर्चीवर बसतो आणि ज्याचं जळालं त्यालाच मोठं मन करायला सांगतात. त्याला मी शांतता म्हणत नाही, दडपशाही म्हणतो, आणि निवृत्त झालो तरी म्हणत राहीन. त्या बाईनं माणसाला क्षमा केली आणि गुन्हा होता तिथेच उभा ठेवला. न्यायाधीशांनी जेव्हा आरोपीला विचारलं, काही सांगायचं आहे का, तेव्हा तो एवढंच म्हणाला, “वहिनी बोलली ते सगळं बरोबर हाय.”