नाना आणि धुळ्याहून मागवलेला तटस्थ माणूस

गेल्याच्या आधीच्या वर्षी, फेब्रुवारीतला दुसरा रविवार. स्थळ: जळगावच्या पिंप्राळ्यातलं एक नवंकोरं रो-हाउस. रक्कम: सहा हजार पाचशे रुपये, घर तपासण्याची फी. हजर माणसं चार: मी, माझी बायको, धुळ्याहून आलेला इंजिनिअर आणि नाना. यंत्रं फक्त इंजिनिअरकडे होती. तरी त्याने बॅगेची चेन उघडायच्या आत नानांची तपासणी संपली होती आणि निष्कर्षही जाहीर झाला होता. इंजिनिअर आमचा जावई लागत होता.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. राहायला नशिराबादला. सगळी नोकरी एसटीत कंट्रोलर म्हणून काढली, अर्धी जळगावच्या स्टँडवर आणि अर्धी धुळ्याच्या. कुठल्या गावाची गाडी कधी सुटते हे विचारायला येणाऱ्याला ते आधी त्या गावात कोणाकडे निघालात हे विचारत. पुष्कळ गाड्या प्रवाशाविना सुटल्या असतील, पण नानांना तो दोष वाटला नाही. अनोळखी माणूस ही गोष्टच त्यांना मान्य नव्हती. “तुमनं गाव कोनतं?” एवढ्या एका प्रश्नावर त्यांनी उभा खानदेश आपल्या घरात आणून बसवला होता.

नातं रक्ताचं नसेल तर गावकीचं, गावकीचं नसेल तर तालुक्याचं. एकदा केळीचा एक व्यापारी कुठेच बसेना. जात निराळी, गाव निराळं, बायकोचं माहेर मध्य प्रदेशातलं. मला वाटलं, आज नाना हरले. चहा संपता संपता असं निघालं की दोघांचं मुतखड्याचं ऑपरेशन एकाच डॉक्टरने केलं आहे. त्या दिवसापासून व्यापारी नानांचा भाऊ झाला आणि नशिराबादला केळीचे घड येऊ लागले.

अशा माणसाच्या घराण्यात मी जन्मलो आणि पोटापाण्यासाठी हिशेब तपासतो. दुसऱ्याचे कागद तपासताना त्याच्या हातचा चहासुद्धा घेऊ नये, असं माझं मत. नाना त्यावर म्हणायचे, “म्हनीसनच तुले कोनी काही सांगत नही.” म्हणूनच तुला कोणी काही सांगत नाही. मी हसून सोडून द्यायचो.

त्या रो-हाउसमध्ये आम्हा नवरा-बायकोची सगळी बचत जाणार होती. दुसऱ्यांदा तेवढे पैसे जमवायला मला आणखी एक जन्म लागला असता, आणि त्या जन्मात बिल्डर तोच नसेल याची खात्री नव्हती. रंग सुरेख होता. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीचा तर जास्तच सुरेख, बाकी घरापेक्षा एक हात अधिक दिलेला. बायकोने ते बोट लावून दाखवलं. तेव्हा मी ठरवलं की पैसे देऊन घर तपासून घ्यायचं. नानांना हे कळलं. मुलगी बघायला भाड्याने माणूस नेतात का, एवढंच त्यांनी विचारलं.

मी कंपन्यांची तुलना केली. फी, अनुभव, कोणती यंत्रं वापरतात, अहवाल किती दिवसांत देतात, असे रकाने आखले. जळगावातली एक कंपनी सगळ्या रकान्यांत पहिली आली. इंटरनेटवर तिला पाचपैकी पाच तारे होते आणि स्तुती करणाऱ्यांची मराठी एकाच हातची वाटत होती, पण तेवढ्यावरून नापास करणं मला नियमात बसेना. नानांनी कागद हातात घेतला, रकाने उलटसुलट पाहिले आणि परत दिला. “घर मंग दखसूत. पहिले दखनारा कोना शे ते सांग.” घर नंतर पाहू, आधी पाहणारा कोणाचा कोण ते सांग. मग स्वतःच कंपनीच्या ऑफिसात चहा पिऊन आले. कंपनीचा मालक बिल्डरचा सख्खा मेहुणा निघाला. माझ्या तक्त्यात मेहुण्याचा रकाना नव्हता.

दुसऱ्या कंपनीचं ऑफिस बिल्डरच्याच इमारतीत होतं, भाडं माफ. तेव्हा मी धुळ्याची कंपनी शोधली. मालक तरुण, स्वतः इंजिनिअर, जळगावात ओळखदेख नाही. तटस्थ माणूस मिळाल्याच्या आनंदात मी नानांना सांगितलं की या वेळी तुम्ही आला नाहीत तरी चालेल. ते आलेच. मग मी हात जोडून सांगितलं की याला गाव विचारायचं नाही. नानांनी मान डोलावली आणि शब्द पाळला. गाव विचारलं नाही. बायकोचं माहेर विचारलं.

माहेर पहूर निघालं. नानांची थोरली बहीण पहूरला दिलेली. बहिणीचं घर आणि इंजिनिअरच्या सासूचं घर एका गल्लीत, दोघी गावकीच्या जावा. म्हणजे इंजिनिअरची बायको सुनंदा नानांची भाची. म्हणजे हा भाचेजावई. धुळ्याहून भाडं ठरवून आणलेला माझा तटस्थ माणूस वाकून नानांच्या पाया पडला. आणि बिल्डर नानांच्या साडूच्या भाऊबंदांपैकी होता, हे आधीच निघालेलं असल्यामुळे आता बिल्डर आणि इंजिनिअरही एकमेकांचे पाहुणे झाले. मेहुणा टाळायला मी धुळ्यापर्यंत गेलो होतो. नानांनी दारातच नवा मेहुणा तयार केला.

तपासणी मात्र त्या पोराने मन लावून केली. हातोडीने फरशी न् फरशी वाजवली, भिंतींना ओल मोजायचं यंत्र लावलं, गच्चीवर पाणी सोडून थांबला. नाना मागोमाग फिरत होते आणि पहूरच्या कोणाकोणाची ख्यालीखुशाली विचारत होते. निघताना मी पैसे पुढे केले. इंजिनिअरने हात मागे घेतला. मामांच्या घरचे पैसे घेतले तर सुनंदा घरात घेणार नाही म्हणाला. मी त्याच रात्री फोनवरून रक्कम पाठवली. सकाळी ती परत आलेली होती.

चार दिवसांनी अहवाल आला. जाड, रंगीत फोटोंचा. स्वयंपाकघराच्या भिंतीबद्दल लिहिलं होतं: ‘किरकोळ स्वरूपाच्या भेगा, नियमित देखभालीची शिफारस.’ फुकट तपासणीचा अहवाल आणखी कसा असणार? तरी कागदावर सही-शिक्का होता आणि सही-शिक्क्यापुढे माझी मान आपोआप खाली जाते. मी इसाराची रक्कम काढायला बँकेत निघालो होतो. चप्पल घालत असताना नाना रिक्षातून उतरले. आदल्या संध्याकाळी इंजिनिअरने त्यांना फोन केला होता आणि पहिलंच वाक्य बोलला होता: “मामा, हाई घर लेऊ नका.”

मागच्या बाजूला पूर्वी नाला होता. त्यावर भराव टाकून स्वयंपाकघर उभं केलं होतं. भराव खाली बसतो आहे, भिंत सुटते आहे, फट पुट्टीने भरून वर रंग दिला आहे. हे सगळं त्याने पहिल्या अर्ध्या तासात ओळखलं होतं. मग लिहिलं का नाही, असं मी ओरडूनच विचारलं. त्याचं निम्मं काम बिल्डर लोकांकडून येतं, नानांनी शांतपणे सांगितलं. आणि पुढे म्हणाले, “कागद बठ्ठासना ऱ्हास. घरना मानूसले तोंडे सांगनं पडस.” कागद सगळ्यांचा असतो, घरच्या माणसाला तोंडी सांगावं लागतं.

माझे पैसे वाचले आणि मी संतापलो. तो माणूस खरोखर तटस्थ राहिला असता तर साडेसहा हजार घेऊन तोच अहवाल देऊन गेला असता आणि मी त्या नाल्यावर स्वयंपाक करत बसलो असतो. शिवाय उद्या दुसरं कोणी गिऱ्हाईक येईल, त्याचं काय? त्याची बहीण पहूरला दिलेली नसली तर? हे मी नानांना विचारलं, जरा टोचूनच.

पुढच्या रविवारी नाना नशिराबादहून रिक्षाने पिंप्राळ्याला आले आणि त्या रो-हाउससमोरच्या चहाच्या टपरीवर बसले. घर बघायला जो येईल त्याला गाव विचारायचे. नातं निघेपर्यंत थांबायचे, कारण परक्याला असं काही सांगणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. नातं निघालं की सांगायचे. नातं निघालं नाही असं कधी झालं नाही. असे बरेच रविवार गेले. घर विकलं जाईना. शेवटी बिल्डर टपरीवर आला आणि नाना, तुम्ही आपले असून असं करता, म्हणून गळा काढू लागला. नाना म्हणाले, “आपला शेस म्हनीसन तोंडवर सांगी ऱ्हायनू. भीत पाड.” आपला आहेस म्हणूनच तोंडावर सांगतोय, भिंत पाड.

त्याने भिंत पाडली. भराव उकरून खालून पाया घेतला. आता तिथे एक शिक्षक कुटुंब राहतं. नानांच्या म्हणण्याप्रमाणे तेही आमच्या नात्यातले.

आम्ही दुसरीकडे घर घेतलं. गेल्या दिवाळीनंतर नाना झोपेतच गेले. दहाव्याला इतकी माणसं जमली की मांडव कमी पडला, आणि एकमेकांना आपण कोणाचे कोण हे निम्म्यांना सांगता येईना. ते सांगणारा माणूसच उरला नव्हता. धुळ्याची सुनंदा भिंतीशी बसून सख्ख्या मामासाठी रडावं तशी रडत होती.

या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती आमच्या दारात उभी राहिली. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात. तिचं हे माहेर नानांनी काढून दिलेलं, नाना नाहीत म्हणून ती त्यांच्या पुतण्याकडे आली. बायकोने तिला पुरणपोळी वाढली, ओटी भरली. तपासणीची फी म्हणून धुळ्याच्या कंपनीला आजवर मी एक रुपया दिलेला नाही. सुनंदाला साडी दिली, दोन हजार दोनशेची, आणि ती पुढच्या आखाजीलाही येणार आहे.