उन्हाळी कटिंग

कटिंगवाल्या काकांचा सगळा जन्म लोकांच्या डोक्यांवर गेला. उन्हाळा लागला की गिऱ्हाइकाला विचारायची पद्धतच नव्हती. "बारीकच करतो, डोकं थंड राहील," असं म्हणेपर्यंत मशीन अर्ध्या डोक्यावरून फिरलेलं असायचं. पुढे दुकान मुलाच्या हाती दिलं आणि काका घरी बसले. बसले कसले, घरामागच्या हिरवळीच्या मागे हात धुऊन लागले.

हिरवळ होती काकूंसाठी. गुडघ्याच्या ऑपरेशनला जाताना त्या म्हणाल्या होत्या, "काठी सुटली की आधी गवतावर चालणार, अनवाणी." काकांनी शब्द दिला होता. आता काठी सुटायला आली, तर गवत पिवळं पडून तळव्याला टोचायला लागलेलं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

खत घालून झालं. शेजारच्या कुत्र्यावर आळ घेऊन झाला. त्या बिचाऱ्याने इकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. केस ओले करावेत तसं सकाळ-संध्याकाळ वरवर पाणी शिंपडलं. आणि गवत जितकं मलूल दिसे, तितकं काका ते आणखी बारीक कापत. उन्हाने जीव घाबरा झालाय त्याचा, डोकं हलकं केलं की बरं वाटेल, असा त्यांचा सरळ हिशेब.

काकू खिडकीतून हे सगळं बघत होत्या. एका दुपारी त्यांनी हाक मारली. "अहो, कपड्यांच्या तारेच्या खांबाशी बघा जरा."

काका वाकले. खांबाच्या बुडाशी गवत कापायचं मशीन वळत नसे. तिथे गवत हिरवंगार उभं होतं आणि त्यात बोटं घातली तर माती ओलसर. हातभर अंतरावरची जमीन मात्र चटके देत होती.

"ऊन तेच, पाणी तेच," काकू म्हणाल्या. "तुमचा हात तेवढा तिथे पोचला नाही."

"पण उन्हाळ्यात बारीकच करतात. आजवर एकाने तक्रार केली नाही."

"ते घरी जाऊन टोपी घालत होते. गवताची टोपी म्हणजे त्याची पातीच, तीच तुम्ही कापत बसलात."

काका ओशाळले, मग हसू आवरेना त्यांना. मशीन अडगळीत गेलं. पाणी रोज शिंपडायचं बंद झालं. चार दिवसांनी द्यायचं, पण खोल मुरेपर्यंत. मधेच काकूंची काठी सुटली, तरी त्या घरातल्या घरात चपला घालूनच फिरल्या. गवत वेडंवाकडं वाढत होतं आणि काकांचे हात शिवशिवत होते. असं डोकं त्यांनी दुकानातून तसंच जाऊ दिलं नसतं.

एका सकाळी काकूंनी पायरीवर चपला काढल्या, काकांचं कोपर धरलं आणि गवतात पाय टाकला. थोडं चालल्यावर कोपर सोडलं आणि एकट्याच पुढे गेल्या.

"थंड लागतंय हो," त्या मागे न वळता म्हणाल्या.

काका कोपर तसंच पुढे धरून उभे राहिले. त्यांना फार बरं वाटलं.