जसं वाजलं तसं, भाग दुसरा

हेवी मेटलवाल्या पोरांचा पहिला लाइव्ह अल्बम यायचा होता आणि त्याचं नाव ठरलं होतं ‘जसं वाजलं तसं, भाग दुसरा’. पहिला भाग त्यांचा नव्हताच. तो निघाला तेव्हा यातल्या एकाचाही जन्म झालेला नव्हता. तो होता एका जुन्या रॉक बँडचा. पोरं ज्यांना काका म्हणायची, त्यांचा थोरला भाऊ त्यात गायचा आणि काका रेकॉर्डिंग सांभाळायचे. पण या पोरांनी तो अल्बम असा काही डोक्यावर घेतला होता की विचारू नका. कव्हरवर स्टेजवरून दिसणारी गर्दीच हवी, कारण तिथे तशी होती. तबकड्या दोनच हव्यात, कारण तिथे दोन होत्या. गाणी तेवढी तिप्पट जोरात आणि दुप्पट वेगात. मग मिक्सिंगला काकाच हवेत, हे ओघानं आलंच.

काका हरखून गेले होते. भाऊ गेल्यापासून त्यांना कोणी विचारत नव्हतं. जाहिरातींचे आवाज साफ करून ते पोट भरत, आणि आता ही दंडावर गोंदलेली, काळ्या कपड्यांतली पोरं त्यांच्यासमोर शाळेतल्या मुलांसारखी अदबीनं बसत होती.

घोडं अडलं ते शेवटच्या गाण्यात. भावानं त्या जुन्या अल्बमच्या शेवटी एक सूर लांबवला होता. ऐकणाऱ्याचाच जीव गुदमरावा इतका लांब. या बँडमध्ये गाणाऱ्या मुलीनं अल्बमचं रेकॉर्डिंग चालू असताना भर कार्यक्रमात तसाच सूर लावला आणि ऐन टोकाला तो टर्रकन फाटला. त्या दिवशी तिचा घसा जो बसला, तो अजून उठला नव्हता. पूर्वीसारखं गाता येईलच असं डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नव्हते.

काकांनी तालमीच्या रेकॉर्डिंगमधला तिचाच एक धड सूर शोधला आणि तिथे बेमालूम बसवला. हात सवयीनंच चालले. दुपारी सगळे ऐकायला आले. माना डोलत होत्या. सूर आला, संपला, आणि तिची मान तेवढी थांबली.

“हा त्या दिवसाचा नाही,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

“अगं, किती सुरेख लागलाय बघ. कोणाला कळतंय?”

“मला कळतंय ना! नाव काय आहे अल्बमचं, काका? फाटला तर फाटला. तुमच्या दादांनी कुठे असं ठिगळ लावलं होतं?”

काकांना फक्त तिची समजूत काढायची होती. पोरीनं जगासमोर आपलं हसं करून घेऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्या नादात तोंडातून निसटलं, “तिथेही जोडच आहे गं. दादाला दम पुरला नव्हता. मी टेप कापून दोन सूर चिकटवले.”

ड्रम वाजवणारा हसला. त्याला वाटलं, काका गंमत करताहेत. मग काकांचं तोंड बघून त्याचं हसू विरलं.

आयुष्यभर काकांना त्या जोडाचा मनातून अभिमान होता. लोक भावाच्या छातीचं कौतुक करत आणि काका गालातल्या गालात हसत. कोणाचं काय बिघडलं, असंच ते धरून चालले होते. आता ज्या मुलीचं बिघडलं होतं ती गळ्याला मफलर गुंडाळून समोर उभी होती.

“मग नावातलं ‘भाग दुसरा’ काढायचं का?” गिटारवाल्यानं हळूच विचारलं. कोणी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“तेरा वर्षांची असल्यापासून घोटतेय मी तो सूर,” ती म्हणाली. “घरच्यांना त्रास नको म्हणून उशीत तोंड खुपसून. एका श्वासात येत नाही म्हणून स्वतःला शिव्या घालत.”

शरमेनं काकांचे कान तापले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. मग ती बोलली, आणि तेवढं बोलायलाही तिला घशावर हात धरावा लागला.

“दोन श्वासांत तर मला तेव्हाच येत होता, काका.”